काडीपेटी ठेवलेला फोटो

मण्यार आणि कवड्या यांतला फरक मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं दोन काळे साप काढायचे म्हणजे कठीणच काम, मुलं हसतात आणि मी हसू देतो. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे जाता जाता विरतात. मण्यारचं नेमकं उलटं. मानेजवळ जवळपास काहीच नसतं, थोडं मागे बारीक पांढऱ्या रेघा जोडीजोडीनं सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या चावला तर साबणानं धुवा आणि कामाला लागा. मण्यार चावला तर तडक दवाखाना, दुखो न दुखो, कारण तो चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. हे मी इतकी वर्षं शिकवतो आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या दिवशी तर मी जागा होतो, सकाळची वेळ होती आणि डोळ्यांवर चष्माही होता.

आरमोरीपासून आत, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि जंगल जिथं एकमेकांत शिरतात अशा एका गावात मी जीवशास्त्र शिकवतो. आधी धानोऱ्याकडे होतो, तिथंच हा नाद लागला. साप पकडायचा नाद नव्हे, नुसता पाहायचा. साप, किडे आणि किडे खाणारी झाडं. सुटीच्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस चिखलात पोटावर झोपून गवताकडे पाहत राहतो, हे बघून गावानं पहिली दोन वर्षं मला येड्यातच काढलं होतं. मग एकदा शाळेच्या स्वयंपाकघरात निघालेली धामण मी मारू दिली नाही, आणि गावानं मला येड्यातून काढून शहाण्यांत घातलं. तिथंच घात झाला.

इथं साप चावला की आधी पुजारी. पुजारी म्हणजे देवळातला नव्हे, झाडपाला आणि मंत्र जाणणारा म्हातारा. लिंबाच्या डहाळ्या झाडत तो पेशंटभोवती बसायचा आणि तेवढ्यात जायची वेळ निघून जायची. मी त्याच्याशी उघड वैर धरलं. शाळेत, ग्रामसभेत, पानठेल्यावर सांगत सुटलो की साप मारू नका, पुजाऱ्याकडे जाऊ नका, मला फोटो पाठवा. सापाशेजारी काडीपेटी ठेवा, म्हणजे लांबी-जाडी कळते. लोकांना ते पटलं. आजूबाजूच्या गावांतूनही फोटो यायला लागले. अंगणातला साप, न्हाणीतला साप, बैलगाडीखालचा साप, आणि दरवेळी शेजारी काडीपेटी. मी दोन मिनिटांत नाव कळवायचो, रजिस्टरमध्ये नोंद करायचो आणि मनात फुलून जायचो. 'आधी पुजारी, मग दवाखाना' याच्या जागी मी 'आधी गुरुजी, मग दवाखाना' आणून ठेवलं होतं, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा बैल तर दिवसेंदिवस रिकामाच होता आणि मी समजत होतो की नांगरणी चालू आहे.

माझ्या घरामागे चौथं घर एका मासे धरणाऱ्या जोडप्याचं. गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, नवरा जाळं टाकायचा आणि बायको धरलेले मासे टोपलीत घालून विकायला न्यायची. जाळ्यात पाणसाप अडकला की ती त्याला हातानं सोडवून पाण्यात टाकायची आणि तो चावला तर त्याला शिवी द्यायची. बाजाराच्या दिवशी उरलेल्या मासोळ्या पळसाच्या पानात बांधून माझ्या दारात ठेवायची. पैसे देऊ केले की म्हणायची, "राहू द्या गुरुजी, मेल्या माशीले पाहाले तुमी इतलं पेट्रोल जारता, तुमच्याजवर कुठून पैसे उरन?"

खरं सांगायचं तर किडे खाणारी झाडं मला तिनंच दाखवली. मी पुस्तकातून ओळखत होतो, ती पायाखालून. बांधीच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधाच्या कडेला, साचलेल्या पाण्यात निळी-जांभळी इवली फुलं येतात, त्यांना सीतेची आसवं म्हणतात. मी तिला सांगितलं, या फुलाच्या खाली चिखलात बारीक पिशव्या असतात, त्या पाण्यातले जीव ओढून घेतात. तिनं एक रोप उपटलं, डोळ्याजवळ नेलं आणि विचारलं, "मले तं काईच दिसून नाई राह्यलं. तुमाले दिसते का?" मी म्हणालो, नाही, भिंगातून दिसतं. "मंग दिसत नाई ते मालूम, अन् दिसते ते?" असं म्हणून ती खूप हसली होती. तेव्हा मीही हसलो होतो.

पुढे तिनंच एका बरडाचा पत्ता दिला. गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर, जंगलातल्या नाल्यापलीकडे मुरमाड पडीक जमीन आहे. पावसाळ्यात तिच्यातून पाणी पाझरत राहतं आणि तिथं लालसर केसाळ पानांचं गवतासारखं झाड उगवतं. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. आपल्याकडे त्याला दवबिंदू म्हणतात. चिलट त्या थेंबाला दव समजून बसतं आणि मग उठत नाही. लहानपणी मामाच्या गावी जाताना तिनं ते पाहिलं होतं आणि इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं.

त्या रविवारी मी तिथंच होतो. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती. सकाळी सातच्या सुमाराला मी मुरमावर पोट टेकून पडलो होतो आणि माझ्यासमोर एका पानावर नुकतंच एक चिलट चिकटलं होतं. पान हळूहळू वळून त्याला गुंडाळतं, त्याला तासभर लागतो, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते मी कधीच पाहिलं नव्हतं. फोन एका छोट्या काठीवर बांधून दर मिनिटाला फोटो काढत होतो. त्या सगळ्या बरडावर एवढ्याच ठिकाणी टॉवर मिळतो. याला नशीब म्हणावं की काय म्हणावं, ते आजही ठरत नाही.

फोन वाजला. तिचाच मेसेज, फोटोसह. तिला लिहिता येत होतं, थोडकंच: 'गुरुजी पहाटे बोटाले मुंगी चावल्यावानी वाटलं. सकारी हा अंथरुनात निंगाला. सासऱ्यानं मारला. कोनता होय?'

मी काठीवरून फोन काढला नाही. काढला असता तर पुढचे फोटो त्याच जागेवरून आले नसते. ऊन पडद्यावर चमकत होतं. फोटो मोठाही न करता तिरप्या मानेनं पाहिलं. काळा साप, पांढरे पट्टे. त्या महिन्यात आलेले असे चारही साप कवड्याच निघाले होते. अंगठ्यानं लिहिलं: 'कवड्या. बिनविषारी. घाबरू नका.' आणि पुन्हा चिलटाकडे वळलो. ते अजून पाय हलवत होतं.

पान पुरतं वळायला सव्वा तास लागला. मी ते सगळं पाहिलं. मग एका मोहाच्या झाडाखाली बसून रजिस्टर काढलं, डबा उघडला आणि नोंदी करायला घेतल्या. दवबिंदू झाला, मग सकाळचा कवड्या. लांबी लिहायची म्हणून काडीपेटी पाहायला फोटो मोठा केला.

मानेजवळ पट्टे नव्हते.

मी बोट फिरवत शेपटीपर्यंत गेलो. रेघा जोडीजोडीनं होत्या आणि शेपटीकडे चुन्यासारख्या पांढऱ्या. पाठीच्या मधोमध मोठे खवले ओळीनं दिसत होते, मी फळ्यावर षटकोन काढतो तसे. डबा सांडला, मी धावत त्या टॉवरच्या जागेवर गेलो, आणि पाय नेमका कुठे पडला ते नंतर दिसलं. सव्वा तास पाहिलेलं ते झाड माझ्या बुटाखाली होतं.

लिहिलं: 'मण्यार आहे. विषारी. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.' मेसेजपुढे दोन खुणा आल्या, पण त्या निळ्या होईनात. फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. तिच्या नवऱ्याचा बंद होता. गावातल्या दुकानदाराचा लागेना. माझ्यासोबतचे एक शिक्षक वरोऱ्याला घरी गेले होते, त्यांनी उचलला. मी त्यांना काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण ते "हळू बोला, हळू बोला" म्हणत होते. गावात कोणाचातरी नंबर लागतो का पाहतो म्हणाले. रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, पेशंट शुद्धीत आहे का, श्वास कसा चालू आहे, पेशंटजवळ कोण आहे? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं आणि गाडी पाठवते म्हणाल्या.

पंचवीस किलोमीटर. त्यातले अकरा जंगलातल्या चिखलाचे. मोटारसायकल दोनदा घसरली, दुसऱ्या वेळी सायलेन्सरनं पोटरी भाजली, ते संध्याकाळी कळलं. डोक्यात एकच हिशोब चालू होता. पहाटे चार किंवा पाचला चावला असेल. सातला मेसेज. आता नऊ वाजून गेले. आधी पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, बोलता येत नाही, मग छाती हलायची थांबते. हे मी मुलांना पाठ करायला लावतो. नाल्यात गाडी बंद पडली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उभा राहून किक मारत होतो आणि मोठ्यानं रडत होतो. देवाला मी फारसा मानत नाही. त्या दिवशी नवसही बोलून झाले, इतके की आता कोणता कुणाला बोललो तेही आठवत नाही.

घराचं दार उघडं होतं. चटई रिकामी. अंगणात मेलेला साप तसाच पडला होता, त्याच्यावर मुंग्या लागल्या होत्या, आणि शेजारी काडीपेटी. सासू पडवीत बसून होती. मला पाहून तिनं जे सांगितलं ते असं: "तुमचा मेसेज आला, गुरुजीनं बिनविषारी म्हणलं म्हणून आमच्या जिवात जीव आला. सारे कामाले गेले. सून म्हणे पोट दुखते, जराशी झोपतो. फोन वाजे तं मले उचलता येत नाई. मंग पुजारी रस्त्यानं चालला होता, पानी प्याले आला. त्यानं तिच्या डोऱ्याकडं पाह्यलं. म्हणे, हिच्या पापन्या उघडून नाई राह्यल्या. गुरुजी काई म्हणो, हे माह्या हातचं बी नोहे, हिले आत्ता दवाखान्यात न्या. त्यानंच जीप थांबवली."

मी ज्याला इतकी वर्षं शिव्या दिल्या, त्यानं सापाकडे पाहिलं नाही, मंत्र म्हटला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मी चिलटाकडे पाहत होतो. त्याच्या पाया पडावं असं वाटलं आणि त्याच क्षणी त्याचा रागही आला. माणूस किती कोता असतो ते मला त्या पडवीत कळलं.

तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन तिला गडचिरोलीला हलवलं होतं. मी पोचलो तेव्हा तिच्या घशात नळी होती आणि मशीन तिचा श्वास घेत होतं. डोळे मिटलेले, चेहरा मेणाचा. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आली असती तर बरं झालं असतं, आता वाट पाहायची. ते कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते.

नवरा खाटेशी उभा होता. त्याच्या पायांना अजून बोडीचा चिखल होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "गुरुजी, तुमी तं कवड्या म्हणलं होतं नं?"

खरं उत्तर चार शब्दांचं होतं: मी नीट पाहिलं नाही. ते ओठांपर्यंत आलं. पण मागे गावातले तिघे उभे होते, त्यातला एक माझा विद्यार्थी. मी म्हणालो, "फोटो अंधुक होता, भाऊ. नुसतं काळं काहीतरी दिसत होतं. मानेकडचा भाग आलाच नव्हता." तो म्हणाला, "असंन." एवढंच.

तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या आणि म्हणाल्या, "पेशंटजवळ जपून बोला. मण्यारच्या पेशंटला हलता येत नाही, पण सगळं ऐकू येतं."

हे मला माहीत होतं. दरवर्षी वर्गात हे वाक्य मी शेवटी सांगतो, कारण ते ऐकून वर्ग एकदम गप्प होतो.

चार दिवस मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. शाळेत रजा टाकली. तिचं काय होणार ते कुणी सांगेना. पहिल्या दिवशी मी फक्त एवढंच मागत होतो की ती जगू दे. दुसऱ्या दिवशी तिच्या पायाचा अंगठा हलला, नवरा ओरडतच बाहेर आला आणि मी त्याला मिठी मारली. आणि त्याच रात्री माझ्या लक्षात आलं की मी आता आणखी एक मागणं मागतो आहे. ती जगू दे, पण तिला ते आठवू नये. हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो, कारण हे मी कुणाला तोंडी सांगू शकलेलो नाही.

पाचव्या दिवशी नळी काढली. ती बोलायच्या आधीच मी गावी निघून आलो. शाळेचं कारण सांगितलं.

ती घरी आल्यावर भेटायला जायला मला तीन आठवडे लागले. या काळात माझ्याकडे फोटो येतच होते, काडीपेटी ठेवून. मी न उघडताच सगळ्यांना एकच लिहीत होतो: चावला असेल तर आधी दवाखाना, साप नंतर. बाजाराचे तीन दिवस गेले. दारात मासोळ्या आल्या नाहीत, आणि येणारही नव्हत्या, बिचारी अजून बोडीवर जात नव्हती. पण दार उघडताना माझी नजर दरवेळी उंबऱ्याकडे जायची.

शेवटी गेलो. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती, अर्धी झालेली. आवाज घोगरा. नवरा समोर बसून फाटलेलं जाळं विणत होता. "या गुरुजी, बसा," म्हणाली आणि सासूला चहा ठेवायला सांगितला. वाटेत मी चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं पहिलं, "बाई, त्या दिवशी मी..." एवढंच निघालं.

"मले समदं आयकू येत होतं, गुरुजी," ती म्हणाली. "हात उचलून नाई राह्यला, डोरा उघडून नाई राह्यला, पन कान चालू होते. डॉक्टर काय म्हणे, सिस्टर काय म्हणे, हे कसे रडे, समदं. तुमी ह्यायले म्हणलं, फोटो अंधुक होता."

मी जाळ्याच्या गाठींकडे पाहू लागलो.

"मी काडीपेटी ठेवली होती," ती म्हणाली. "बोट दुखत होतं, पोटात कळा येत होत्या, तरी उजेडात ओढून आनला त्याले. मुंडकं सिधं केलं. तुमी सांगतलं तसाच काढला."

त्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच कळत नव्हतं की तिचं काय चुकलं. तिनं कोनाड्यातला फोन घेतला, तो फोटो उघडला आणि माझ्या हातात दिला. "पाहा बरं. कुठी अंधुक हाय?"

मी पाहिलं. सकाळचं स्वच्छ ऊन. प्रत्येक रेघ मोजता येत होती. काडीपेटीवरच्या कमळाच्या पाकळ्यासुद्धा मोजता येत होत्या. आणि खाली माझं उत्तर: घाबरू नका.

"फोटो साफ आहे," मी तिच्या नवऱ्याकडे वळून म्हणालो. "अंधुक नव्हता, भाऊ. मी पाहिलाच नव्हता. तुमच्याशी खोटं बोललो."

त्यानं जाळ्यातून मान वर केली नाही.

"मालूम हाय जी," तो म्हणाला. "दवाखान्यात तुमी बोलले, तवा हा फोन माह्याच खिशात होता."

आणि त्यानं जाळ्याची पुढची गाठ विणायला घेतली.